मांगरातील चूल

औषध आणि अन्न या दोन वस्तू आपल्या घरांत दोन निरनिराळ्या दारांनी प्रवेश करितात. अन्न पुढील दाराने येते; त्याला आपण कुळ विचारतो, हात कोणाचा विचारतो, वार आणि तिथीही विचारतो. औषध मागील दाराने येते आणि त्याला कोणी काही विचारीत नाही. आमच्या लहानपणी, ज्या घरांत अंडे उंबऱ्याआत येत नसे अशा घरांतील अशक्त मुलांनाही कॉड माशाच्या यकृताचे तेल चमच्याने पाजीत आणि वर खडीसाखर देत. १९२२ साली मधुमेहाच्या रोग्यास प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले. पुढे १९८२ साली जिवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या मानवी इन्शुलिनाला मान्यता मिळेपर्यंत ते मुख्यत्वे गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. ते टोचून घेऊन कित्येक आचारनिष्ठ गृहस्थांनी संध्या केली, सोवळ्यात पूजा केली, आणि त्यांच्या आचाराला त्यामुळे बाध आला असे कोणी म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही. यात ढोंग आहे असे आमचे म्हणणे नाही. जीव राखणे हाही धर्मच आहे, हे आपल्या पूर्वजांनी फार मागे ओळखले होते. प्रश्न एवढाच की, जी वस्तू पुरती औषधही नाही आणि पुरते अन्नही नाही, ती कोणत्या दाराने आत घ्यावी?

हा प्रश्न आमच्यापुढे केवळ तात्त्विक रूपाने आला असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. तो आला तो बाळंतिणीच्या खोलीतून.

आमचे घर मालवणचे. घर सारस्वतांचे असल्यामुळे मासळीचे वावडे नाही. तथापि सोमवार, एकादशी आणि सबंध श्रावण घरात मासळी शिजत नाही. धाकट्या बंधूंचे चिरंजीव मुंबईस नोकरीला असतात. त्यांनी जिच्याशी लग्न केले ती मुलगी मलायातील क्लांग गावची, चिनी कुळातली. तिचे पणजोबा चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील फुजियान प्रांतातून तेथील बंदरावर मजुरीस आले होते. लग्नाच्या वेळी घरात जी काही वादळे व्हायची ती होऊन गेली होती आणि सूनबाई सर्वांच्या लाडक्या झाल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांचे पहिलेच बाळंतपण आले, तेव्हा डॉक्टरांनी विमानप्रवासास मनाई केली. पतवंड आपल्या डोळ्यांदेखत व्हावे अशी आमच्या मातोश्रींची इच्छा, म्हणून त्यांना वेळीच मालवणास आणले. आषाढाच्या अखेरीस शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. आणि तिसऱ्या दिवशी कुडाळ स्टेशनावर विहीणबाई उतरल्या. हातात एक लहानशी पेटी, अंगावर साधा पायजमा-सदरा, आणि मनात एकच निश्चय, की लेकीला रीतसर 'महिना बसवायचे'.

चिनी लोकांत बाळंतिणीने तीस दिवस घराबाहेर न पडता विश्रांती घेण्याची फार जुनी चाल आहे आणि तिला ते 'महिना बसणे' असेच म्हणतात. आपल्याकडे सव्वा महिना. या दोन चालींत किती साम्य असावे! थंड पाणी प्यावयाचे नाही, वाऱ्याला बसावयाचे नाही, डोके व कान झाकून घ्यावयाचे, आल्यासुंठीचा सढळ उपयोग करावयाचा, आणि अंगातून गेलेली ऊब अन्नाच्या वाटेने परत आणावयाची. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांना मालवणीखेरीज दुसरे काही नीट बोलता येत नाही. विहीणबाईंना चिनी आणि थोडेसे इंग्रजी. तरी पहिल्या चार दिवसांत त्या दोघींचे एकमेकींशी एकाही बाबतीत दुमत झाले नाही. एकीने खिडकी लावली की दुसरी पडदा ओढी. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सारे विहीणबाईंनी हुंगून, चाखून पसंत केले. मग पाचव्या दिवशी त्यांनी आपली मागणी लेकीच्या तोंडून पुढे केली. त्यांच्याकडे बाळंतिणीला दोन पदार्थ मिळालेच पाहिजेत असे मानतात. एक, आले आणि शिरका घालून शिजविलेले डुकराचे पाय. दुसरा, डुकराच्या बरगड्या व मुळ्या घालून केलेला औषधी रस. हे दोन पदार्थ आपल्या हाताने करून लेकीला घालावेत, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागत होता.

घरात एकदम सामसूम झाली. थोरले दादा घरातील कर्ते, देवपूजा त्यांच्याकडे. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे होते. शांतपणे म्हणाले, "या घरात ही वस्तू कधी आली नाही. माझ्या हयातीत येऊ नये." धाकटे बंधू मान खाली घालून बसले. पुतण्या म्हणाला की, मग आम्ही कुडाळास भाड्याची खोली घेऊन महिना काढतो. हे ऐकून त्याची आई रडू लागली. टाके ओले असलेली बाळंतीण आणि पाच दिवसांचे मूल भर पावसात घराबाहेर जाणार, हे कोणालाच सोसवणारे नव्हते. आणि दादांचा शब्द मोडावा असेही कोणाला वाटत नव्हते. एकत्र कुटुंब मोडते ते बहुधा इस्टेटीवरून मोडते असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा ते अशा एखाद्या मडक्यावरूनही मोडते.

आमच्या मधल्या सूनबाई डॉक्टर आहेत. त्या सहसा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी हळूच एक गोष्ट सांगितली. शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बाळंतिणीला रोज एक सुई टोचीत होते. त्या औषधाचे नाव हेपरिन. ते आजही डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, आणि ती सुई त्या स्वतःच रोज सकाळी, दादांची पूजा चालू असता, पलीकडच्या खोलीत टोचीत होत्या. "काका, मी हे वाद घालायला सांगत नाही," त्या म्हणाल्या, "आपल्याला माहीत असावे म्हणून सांगते."

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे उत्तर दिले ते उडवून लावण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, "ती सुई जीव वाचवायला आहे. हे जेवण जिभेसाठी आहे. दोन्ही एक नव्हेत." आम्ही तेथेच बसलो होतो आणि आम्हांसही क्षणभर हे पटले. आपद्धर्माला मर्यादा असते. औषधाचे दार उघडे आहे म्हणून त्यातून भाताचे पातेले आत आणता येत नाही.

यावर निर्णय झाला तो मातोश्रींच्या बोलण्याने. त्या इतका वेळ माजघराच्या उंबऱ्यावर वाती वळीत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "ता जिभेसाठी न्हय आणि जिवासाठीय न्हय. पोरीक आवशीच्या हातचा जेवाण गावाक होया. बाळंतिणीची खोली सोवळ्याभायरच असता. मांगरात चूल मांडा."

या चार वाक्यांत धर्मशास्त्र किती होते पाहा. सुवेराचे दहा दिवस संपेतो बाळंतिणीच्या खोलीला सोवळे लागत नाही. तेथील भांडी निराळी, वावर निराळा. मांगर म्हणजे घरापासून चार पावलांवरची खोपी. गवत, लाकडे, नारळ ठेवण्याची ती जागा. तेथे देव नाही आणि सोवळेही नाही. घराचा नियम जसाच्या तसा राहिला आणि त्या नियमाच्या शेजारी एका परक्या घराच्या नियमाला जागा झाली. दादांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते उठून तुळशीला पाणी घालण्यास गेले. आमच्या घरात याचा अर्थ सर्वांना समजतो.

मग जिनसांची जुळवाजुळव सुरू झाली, आणि येथेच खरी मौज झाली. विहीणबाईंनी रसात पडणाऱ्या वस्तूंची यादी चिनी अक्षरांत लिहिली होती. लेकीने प्रत्येकीचे चित्र फोनवर काढून दाखविले. आम्ही एक सूप घेऊन बसलो आणि एकेक जिन्नस त्यात मांडू लागलो. पहिली दालचिनी, तिच्या फारशी नावाचा अर्थच मुळी 'चीनचे लाकूड'. दुसरे बादियान, म्हणजे चक्रीफूल. मालवणी मसाल्यात बादियान नसेल तर तो मसाला मालवणी म्हणविण्यास आम्ही तयार होणार नाही. पण हे झाड कोकणात कोठेच नाही, ते दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांतले. इन्फ्लुएंझावरील ओसेल्टामिविर या औषधाचा मूळ घटक याच फुलातून काढीत. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत त्याला जगभर मागणी होती. लवंग, मिरी, सुंठ ही तर डब्यातच होती. ज्येष्ठमध निघाला, चिनी जात थोडी निराळी, पण कुळ तेच. वाळलेली लाल बोरे विहीणबाईंनी पेटीतून आणली होती. आपल्या बोरीचीच ती चुलत बहीण. एक पांढुरकी, पारदर्शक, गोडसर मुळी होती. ती ज्या वनस्पतिकुळातली आहे त्याच कुळातल्या मेदा आणि महामेदा च्यवनप्राशात घालावयास सांगितल्या आहेत. प्रत्येक वस्तू ओळखीची निघाली की विहीणबाई टाळी वाजवून हसत. आणि मातोश्री आपल्या फडताळातून आणखी एखादी पुडी काढून, हीही तुमच्याकडे आहे काय, असे नजरेने विचारीत.

यादीतील एक मुळी मात्र घरात नव्हती. गुलाबीसर, पिठूळ, लाकडासारखी चकती. चित्र पाहून आम्हांस ती कोठेतरी पाहिल्यासारखी वाटली आणि बाजारात काष्ठौषधीच्या दुकानी चित्र दाखविताच दुकानदाराने बरणीत हात घालून मूठभर काढून दिली. ती चोपचिनी होती.

या चोपचिनीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. हेही नाव फारशी. अर्थ पुन्हा 'चिनी लाकूड'. ही मुळी चीनमधून पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून १५३५ च्या सुमारास गोव्यात आली. त्याआधी एक वर्ष, १५३४ मध्ये, गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास येऊन राहिला होता. त्याने येथील वनस्पती आणि औषधे यांवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्यात या चिनी मुळीवर एक स्वतंत्र संवाद आहे. त्या काळी युरोपातून आलेला एक भयंकर रोग हिंदुस्थानात पसरत होता. आपल्या वैद्यांनी त्याला फिरंगरोग म्हटले, आणि त्याच शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात त्यावर हीच मुळी 'द्वीपांतर वचा' या नावाने सांगितली. रोग पश्चिमेकडून आला, औषध पूर्वेकडून आले, आणि दोघांची गाठ आमच्या किनाऱ्यावर पडली. युरोपातही तिचा एवढा बोलबाला झाला की, बादशहा पाचव्या चार्ल्सने ती आपल्या वातरक्तावर घेतली आणि शरीरशास्त्रज्ञ व्हेसॅलियसने १५४६ मध्ये तिच्यावर एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केले. ओर्ताचे कुळ मूळचे यहुदी. तो १५६८ मध्ये मरण पावला. पुढे १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. त्याने वर्णिलेली मुळी मात्र सर्वांच्या घरी पोहोचली. आज आपले वैद्य ती सांधेदुखीवर व त्वचारोगांवर देतात, आणि दक्षिण चीनमध्ये तिची एक बहीणजात डुकराच्या हाडांबरोबर तासन् तास उकळून रस करितात. तेथे ती स्वयंपाकघरातली वस्तू, येथे ती औषधाच्या बरणीतली. ती आमच्याकडे मागील दाराने आली, एवढाच काय तो फरक.

सूप भरले, पण ते तसेच मांगरात गेले नाही. मधल्या सूनबाईंनी ते आधी चाळले. चिनी बाळंतिणीच्या रसात एक प्रसिद्ध मुळी असते, तिचे चिनी नाव दांगग्वी. तिने रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो, म्हणून हेपरिनाच्या सुया चालू असेतो ती वगळावी असे त्यांनी सांगितले. आणखी एक निनावी पुडी निघाली, तीही त्यांनी बाजूस ठेवली. "जिचे नाव कळत नाही ती पोटात नको," हा त्यांचा नियम. त्याला कारण आहे. बेल्जममध्ये वजन उतरविण्यासाठी चिनी मुळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये उघडकीस आले; एका मुळीऐवजी चुकून तिच्यासारख्याच नावाची दुसरी पडली होती. त्या विषारी वनस्पतीच्या कुळातील सापसंद आपल्या कोकणातही उगवते आणि गावठी औषधांत वापरली जाते. तेव्हा मुळी परदेशची असो वा परसातली, ओळख पटल्यावाचून तिला उकळू नये. विहीणबाईंनी हे सारे लेकीकडून समजून घेतले आणि दांगग्वीची पुडी निमूटपणे पेटीत परत ठेवली. डॉक्टरीण सुनेचा शब्द मोडावयाचा नसतो हे त्यांच्याकडेही आहेसे दिसले.

मांस आणून दिले ते पलीकडच्या वाडीतील एका ख्रिस्ती काकींनी. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. सणावारी त्यांच्याकडे सोरपोतेल होते, आणि डुकराचे मांस निवडावे कसे, स्वच्छ करावे कसे, हे त्यांच्या बायकांना चांगले अवगत असते. हे मांस पुरते शिजणे अवश्य आहे. अर्धेकच्चे राहिल्यास त्यातून फीतकृमी पोटात जातो, आणि त्याची अंडी अन्नपाण्यावाटे पोटात गेल्यास तो मेंदूपर्यंतही पोहोचतो. आपल्या देशात फेपऱ्याचे हे एक मोठे कारण आहे. चिनी काळा शिरका मालवणात कोठून मिळणार? तीही अडचण काकींनीच दूर केली. त्यांच्या घरी माडाच्या सुरेचा आंबवलेला शिरका होता. त्यात गूळ घातल्यावर विहीणबाईंनी बोट बुडवून चाखले आणि मान डोलावली.

मांगरात तीन दगडांची चूल मांडली. दोन नवी मडकी आणली. शिरक्याचा पदार्थ धातूच्या भांड्यात करावयाचा नसतो. एका मडक्यात तिळाच्या तेलावर जुन्या आल्याचे जाड तुकडे खमंग परतून त्यांवर शिरका, गूळ आणि धुऊन उकळून घेतलेले पाय पडले. शेवटी सोललेली उकडलेली अंडी. मंद विस्तवावर ते दोन-अडीच तास शिजत होते. आंबट शिरक्यामुळे हाडांतील चुन्याचा काही अंश रसात उतरतो, हा त्यातला गुण. दुसऱ्या मडक्यात बरगड्या एकदा उकळून ते पाणी फेकून दिले; मग नव्या पाण्यात लसणाचे सबंध गड्डे, मिरी आणि औषधांची फडक्यात बांधलेली पुरचुंडी. या पदार्थाच्या चिनी नावाचा अर्थ 'मांस-हाडांचा चहा' असा आहे, परंतु त्यात चहाची पत्ती नसते. चहा सोबत पितात. क्लांगच्या बंदरावर ओझी वाहणाऱ्या मजुरांनी पहाटे कामावर जाण्यापूर्वी हा रस प्यावा, अशी त्याची जन्मकथा तिकडे सांगतात. २०२४ साली मलेशियाच्या सरकारने त्याची गणना आपल्या राष्ट्रीय वारशाच्या खाद्यपदार्थांत केली. विहीणबाईंचे आजोबा अशाच मजुरांपैकी. हे ऐकताना आम्हांस मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेले मालवणी चाकरमानी आठवले. मागे राहिलेली त्यांची घरे उकड्या तांदळाच्या पेजेवर जगली. चीनमध्येही सकाळी भाताची पेज असते. इंग्रज लोक तिला ज्या 'काँजी' नावाने ओळखतात ते नाव तमिळ, आणि ते पोर्तुगिजांच्या तोंडून जगभर गेले.

त्या रात्री आम्ही वडिलांच्या कपाटातील चरकसंहिता काढून पाहिली. वडील वैद्यकी करीत. सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात अन्नपानाचा विचार आहे. त्यात इतर मांसांबरोबर वराहमांसाचेही गुण दिले आहेत: ते जड, स्निग्ध, बल देणारे, श्रम व वात हरण करणारे आहे, अशा अर्थाचे. दुसरीकडे, शोधनानंतर क्षीण झालेल्या माणसाला पुन्हा अन्नावर आणण्याचा क्रम सांगितला आहे: प्रथम पेया, मग विलेपी, मग कडधान्यांचे यूष, आणि शेवटी मांसरस. आमच्या घरांनी या जिन्यावरची शेवटची पायरी केव्हातरी सोडून दिली; पेज आणि कुळथाचे कढण येथपर्यंत आपण येतो आणि थांबतो. थांबू नये असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही तेथेच थांबतो. पण जिना मोठा होता आणि विहीणबाई त्याच जिन्यावर उभ्या आहेत, एवढे त्या रात्री आम्हांस स्वच्छ दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळंतिणीचे पान तिच्या खोलीत मांडले. विहीणबाईंनी दोन्ही वाडगे पदराआड धरावेत तसे झाकून मांगरातून आणले. वरून पाऊस, म्हणून मातोश्रींनी त्यांच्या डोक्यावर स्वतः छत्री धरली. लेकीने पहिला घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. ती काही बोलली नाही. पाच दिवस ती आमची खीर आणि आमचे लाडू हसतमुखाने खात होती; त्या क्षणी आम्हांस समजले की, ती इतके दिवस पाहुणीसारखी खात होती. त्या दिवसापासून तिला भूक लागू लागली, आणि लवकरच बाळाला अंगावरचे दूध पुरू लागले. आल्याने, मांसाने की आईच्या हाताने, याचा निवाडा करण्याच्या भरीस मधल्या सूनबाईही पडल्या नाहीत.

विहीणबाईंनी तिसरे मडकेही चढविले होते. ते आमच्यासाठी, आणि त्यात मांस नव्हते. त्याच मुळ्या, तीच बोरे, भुईमुगाचे दाणे आणि श्रावणात रानात उगवणारी अळंबी. मातोश्रींनी त्याला आपल्याकडून सैंधव घातले. आम्ही तो रस पडवीत बसून घेतला. पहिली चव कडवट, मागून गोडी येते, आणि घशातून ऊब खाली उतरत जाते. पावसाळ्यात आपण घेतो त्या काढ्याला भाताशी खाण्याजोगे केले तर तो असाच लागेल. विहीणबाईंना आम्ही कुळथाची पिठी आणि सोलकढी वाढली. पिठी त्यांनी दोनदा मागून घेतली. सोलकढीचे मात्र त्यांना काही केल्या जमले नाही. नारळाचे दूध थंड पितात हे त्यांच्या बाळंतपणाच्या शास्त्रात बसत नव्हते.

थोरल्या दादांचे मत बदलले काय, असे वाचक विचारतील. बदलले नाही. तो महिना ते मांगराकडे फिरकले नाहीत, आणि तिसऱ्या मडक्यातला रसही त्यांनी घेतला नाही. पण मांगराचे छप्पर एका कोपऱ्यात गळत होते. एके सकाळी आम्ही पाहतो तो दादांनी माणूस लावून तेथे नवी झापे घालून घेतली होती. विहीणबाई जावयास निघाल्या त्या दिवशी त्यांनी दादांना वाकून नमस्कार केला आणि दादांनी खण-नारळ आपल्या हाताने त्यांच्या ओटीत घालविला. कोणी कोणाला जिंकले नाही आणि कोणाला जिंकावे असेही वाटले नाही.

आम्हांस या साऱ्यातून जे दिसले ते इतकेच की, औषध आणि अन्न यांच्यामध्ये एक तिसरी वस्तू आहे, आणि तिला आपल्या भाषेत पथ्य हा जुना, चांगला शब्द आहे. पथ्य म्हणजे केवळ काय खाऊ नये याची यादी नव्हे. कोणी कोणासाठी, कोणत्या दिवसांत, कोणत्या हाताने काय शिजवावे, हे त्यात येते. ते ग्रंथांत थोडे आणि आया-आज्यांच्या हातांत फार असते. आणि ज्या घरातून मुलगी परक्या देशी जाते, त्या घराबरोबर तेही तिच्या मागोमाग जाते. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या मुली-सुना दूरदेशी बाळंत होत आहेत. तेथे कोणा आजीचा डिंकाचा लाडू एखाद्या परक्या विहिणीच्या ओट्यावर वळला जात असेल, मेथीच्या कडू वासाने तेथील घर नाक मुरडीत असेल. त्या घरानेही आपल्या नियमाशेजारी थोडी जागा करून द्यावी, अशीच आपली अपेक्षा असते.

घराचा आचार राखावा. तो सोडून देण्यात पुरुषार्थ आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु घर बांधणाऱ्या आमच्या पूर्वजांनी देवघर बांधले, माजघर बांधले, आणि चार पावलांवर एक मांगरही बांधून ठेवला. हल्लीच्या घरांत मांगर नसतो, आणि गावाकडचे मांगरही आता पडत चालले आहेत. जागा नसेल तर नसो. पण कोणी आई आपल्या लेकीसाठी दुरून मडके घेऊन आली, तर ती चूल कोठे मांडील याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी आधीच करून ठेवावा हे बरे. बाळंतिणीची भूक पंचांग पाहून लागत नाही.